गोठ्यातले मरण

"नोकरीमागे धावण्यापेक्षा शेळ्या पाळा," असा सल्ला आज तरुणांना जो तो देतो. सल्ला वाईट नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. भांडवल थोडे लागते, गाभण शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी करडे देते. हिशेबाच्या कागदावर सारे कसे छान दिसते! त्या कागदावर एकच गोष्ट नसते, ती म्हणजे मरण.

आमच्या घरी पूर्वी कधी जनावर नव्हते. वडिलांनी निवृत्त झाल्यावर सहा उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. पहिल्याच हिवाळ्यात जुळ्यातले धाकटे करडू माझ्या मांडीवर गेले. त्याला वेळेवर चीक पाजला होता, गोणपाटात गुंडाळून ऊब दिली होती. तरी ते गेले. शेजारचे काका म्हणाले, "जनावर आहे, चालायचंच." शहरातला एक मित्र म्हणाला, "सोसत नाही तर पाळता कशाला?" मला दोघांचेही म्हणणे पटले नाही.

'चालायचंच' या शब्दात शहाणपण आहे, तसा आळसही आहे. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत अधाशासारखे खाल्ले की धडधाकट करडू आंत्रविषाराने काही तासांत आडवे होते. पण त्यावरची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घेता येते. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा घातक रोग भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला. आज त्याच्या एका लसीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. गुरांचे कळपच्या कळप गारद करणारी बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. तीही एके काळी दैवाचीच करणी मानली जात होती ना?

आता मित्राचे म्हणणे. मरण नको म्हणून पाळणेच नको, असे म्हणणारा स्वतःच्या ताटातले मटण कोठून आले हे विसरतो. 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड' ही म्हण उगीच पडलेली नाही. आम्हीही बोकड बाजारात नेतो. ते कोठे जाणार हे ठाऊक असते. तेही मरणच, आणि ते आम्ही ठरवलेले असते. त्याला 'विक्री' म्हटले की मन हलके होते, पण जबाबदारी हलकी होत नाही. जगेल तितके दिवस त्याला पोटभर चारा, स्वच्छ पाणी आणि कोरडी जागा देणे, हे त्या विक्रीचे ऋणच आहे.

म्हणजे गोठ्यात मरण तीन प्रकारचे असते: टाळता येणारे, टाळता न येणारे आणि आपण ठरवलेले. नव्या शेतकऱ्याची खरी अडचण दुःख ही नाही. या तिन्हींची गल्लत ही आहे. पहिल्याला दैव म्हणू नये, दुसऱ्याबद्दल स्वतःला छळू नये आणि तिसऱ्याकडे पाठ फिरवू नये. म्हणूनच जमाखर्चाच्या वहीत मेलेल्या जनावराचे वय, लक्षणे, तारीख हेही लिहावे, असे मला वाटते. ज्याची नोंद होते त्याचेच कारण शोधले जाते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या गावाकडे वळतील. करडू गेले म्हणून डोळ्यांत पाणी आले तर लाजू नका. मात्र डोळे पुसून झाल्यावर पुढच्या लसीची तारीख अवश्य पाहा.