महाडला थांबायचे कशाला?

परवा दस्तुरी नाक्यावर एक गाडी माझ्याशेजारी येऊन थांबली. पुढे नवरा-बायको, मागे दोन मुले, मुलांच्या मांडीवर वेफर्सची पुडकी. मंडळी गोव्याला निघाली होती. त्या गृहस्थाने काच खाली करून विचारले, "काका, इथे चहा बरा कुठे मिळेल?" मी सांगितले. मग म्हाताऱ्याशी आणखी दोन शब्द बोलावेत असे त्याला वाटले असावे. म्हणाला, "बाकी महाडला बघण्यासारखं काही आहे का हो? नाहीतर चहा घेऊन सुटतो."

ते चहा घेऊन सुटले, आणि मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. तीस वर्षांहून अधिक काळ या गावात राहिलो, बँकेच्या खुर्चीत बसून निम्म्या बाजारपेठेचे हिशेब पाहिले, कादंबऱ्यांत हेच गाव नावे बदलून वापरले. पण ऐनवेळी तोंडातून शब्द फुटला नाही. त्या गृहस्थाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज लिहितो आहे.

महाडला समुद्र नाही, तरीही हे बंदराचे गाव. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी खाडीतून महाडच्या दिशेने वर चढते. त्या पाण्याच्या जोरावर एके काळी गलबते इथवर येत. घाटावरचा माल खाली उतरे, कोकणातला वर जाई. बाजार वाढला तो त्यामुळे. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की हे गाव पाण्याच्या कडेकडेने पाहावे.

सुरुवात उंचावरून करा. मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. उन्हे चढायच्या आत पायऱ्या चढून जा. तिथून खाली पाहिले की सावित्री, तिला मिळणारी गांधारी आणि त्या दोघींच्या कुशीत बसलेले गाव एका नजरेत येते. चोहीकडे डोंगर, मध्ये ही बशी. पावसाळ्यात या बशीत काय होत असेल, हे सांगायला तिथे वाटाड्या लागत नाही.

मग खाली उतरा, गाडी एका जागी लावा आणि चालायला लागा. बाजारपेठेतून सुकट गल्लीत वळा. गल्लीचे नाव तुमच्या आधी तुमच्या नाकाला कळेल. सोडे, जवळा, बोंबील जे आवडेल ते घ्या, पण दुहेरी पिशवीत बांधून घ्या, नाहीतर गोव्यापर्यंत मुले बोलणार नाहीत. पुढे भोई घाटावर नदी पाहा. पाण्यात मात्र उतरू नका. दादली पुलाच्या बाजूला मगरी आहेत. वीरेश्वराच्या देवळात थोडा वेळ बसा. महाशिवरात्रीनंतरच्या छबिन्याला गावोगावच्या देवतांच्या पालख्या इथे येतात, तेव्हा सगळा तालुका एका अंगणात मावतो.

त्यानंतर चवदार तळे. इथे फोटो काढून लगेच परतू नका. नगरपालिकेने हे तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह इथवर चालत आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि कोर्टकज्जा सुरू झाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे मुलांना या पायऱ्यांवर बसून सांगा. शाळेच्या पुस्तकातून ते तितके पोहोचत नाही.

आता बारच्या विषयाकडे येतो. घरच्या मंडळींनी भुवया उंचावू नयेत; मी दोन पेगांच्या पुढे कधी गेलेलो नाही, हे पत्नीच्या साक्षीने लिहितो. पण महाडची औद्योगिक वसाहत पाहायची तर कारखान्यांच्या फाटकांवरून काही कळत नाही. बिरवाडीच्या बाजूला एखाद्या साध्या परमिट रूममध्ये, पाळी सुटण्याच्या वेळी जाऊन बसावे. काही प्यायलाच पाहिजे असे नाही. तळलेली मांदेली आणि सोडा मागवला तरी कोणी हाकलत नाही. शेजारच्या टेबलावर पोलादपूरच्या वाडीतला फिटर, उत्तर प्रदेशातला वेल्डर आणि ओडिशातला हेल्पर एकाच चकण्यात हात घालत असतात. मी शाखेत होतो तेव्हा ही परगावची माणसे घरी पैसे पाठवायला माझ्या काउंटरवर ड्राफ्टसाठी रांग लावत. आता टेबलावरूनच मोबाइलने पैसे जातात. घरून 'मिळाले' असा फोन आला की मगच पहिला घोट घेतला जातो.

त्या टेबलावर मध्ये पाण्याचा एक जग असतो. आधी कोण प्यायले हे कोणी विचारत नाही. १९२७ साली याच तालुक्यात ज्यावरून डोकी फुटली, ते इथे इतके सहज घडते की कोणाचे लक्षही जात नाही. मला मात्र तो जग दर वेळी दिसतो. तो कुठून भरला, असे एकदा मालकाला विचारले. म्हणाला, "विकतचा जार आहे, साहेब. नदीचं कोण पितंय?" रासायनिक सांडपाण्याच्या तक्रारी मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे. पाणी सर्वांचे झाले खरे, पण कसले झाले, हेही विचारायला हवे.

आता एक कबुली. कर्ज अधिकारी असताना मी या गावात दुकानांना, घरांना, गाळ्यांना पुष्कळ कर्जे मंजूर केली. अर्जात उत्पन्नाचा रकाना होता, तारणाचा होता, जामीनदाराचा होता. जागेवर पुराचे पाणी किती चढते, हा रकाना नव्हता. आणि मीही कधी विचारले नाही. २५ जुलै २००५ रोजी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली आणि त्याच दिवशी तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. माझी एका कादंबरीची वही त्या पुरात गेली. तिचे दुःख मी कोणाला सांगितले नाही. समोरच्या ओट्यावर, मीच कर्ज दिलेला एक दुकानदार चिखलातून कापडाचे तागे ओढून काढत होता. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

म्हणून पाहुण्यांना माझे शेवटचे सांगणे हे, की चालताना भिंतींकडे पाहा. रंगाखालून कुठेतरी ओलीची रेघ डोकावते. दिवाळीला आम्ही ती पुसून टाकतो. गिऱ्हाईक बिचकते म्हणतात. माझे मत याच्या उलट आहे. प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक सरकारी भिंतीवर पुराची खूण सालासकट कोरून ठेवावी. घर घेणाऱ्याला ती दिसावी, कर्ज देणाऱ्यालाही दिसावी. विसरभोळे गाव पुढच्या पुरात पुन्हा तितकेच बुडते.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर नातेखिंडीतून रायगडाकडे जा. वाटेत नाते गाव लागेल; रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तिथले. आम्हा बँकवाल्यांची ती पंढरी. नाहीतर पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी पाहून तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला जा. कशेडीच्या बोगद्यामुळे पुढचा घाट आता टळतो, तेव्हा वाचलेला वेळ खर्चायला ही जागा चांगली. आदल्या रात्री परमिट रूममध्ये बसला असाल, तर आंबेनळी घाट सकाळी चहा झाल्यावरच चढा.

त्या गाडीतल्या गृहस्थाला एवढे सांगायचे होते. परतताना ते कदाचित पुन्हा दस्तुरी नाक्यावर थांबतील. चहा त्याच टपरीवर मिळेल. मी संध्याकाळी तिथेच असतो. गाडी बाजूला लावली, तर सुकट गल्लीपर्यंत सोबत येईन.