जीवनसत्त्वालाही मात्रा असते



१६६३ साली लाल महालावर छापा पडला, तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजच्या घाटाकडे पळविले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्याही कधीकधी असाच कात्रजचा घाट दाखवितात, असे आमचे मत आहे.

हातापायांना मुंग्या आल्या की आपण परभारे ताकदीच्या गोळ्या आणतो. मुंग्या मधुमेहाच्याही असतात. तो राहतो बाजूला. शिवाय ब-६ जीवनसत्त्व जादा मात्रेत बरेच दिवस घेतले, तर त्यानेच मुंग्या येतात. मग माणूस म्हणतो, अजून दोन घ्याव्यात! ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक देतात. तीच रोज घेत राहिले तर रक्तात कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडाला धोका.

युरिया जादा झाला की ऊस लोळतो, उतारा घटतो, हे आम्ही बांधावर नेहमी सांगतो. माती तपासल्याशिवाय खत नको, तसे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जीवनसत्त्व नको. घरात कोणी घेत असेल, तर चिठ्ठीवरची मात्रा आजच पाहावी.

— ऊस विकास अधिकारी