सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी झोप नाही

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर वर्षभर माझ्या दवाखान्यात येत होते. तक्रारी त्याच त्या. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही. कार्डिओग्राम काढला, साखर पाहिली, थायरॉइड तपासले. सगळे नॉर्मल. मी झोपेची गोळी सुरू केली आणि ती पुढे चालूच राहिली. ही गोळी खरे तर काही आठवड्यांपलीकडे देऊ नये. पण बाहेर रांग असली की जुनाच कागद पुढे ओढून त्यावर 'रिपीट' लिहिणे सोपे जाते.

एकदा अशाच गर्दीत मी त्यांना उपदेश केला. "काका, घर स्वतःचे आहे, मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, मोठा आजार नाही. समाधान मानायला शिका."

ते शांतपणे म्हणाले, "मानतो की डॉक्टर. पण काल सकाळपासून आत्तापर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. तुम्ही पहिलेच."

ज्या माणसाने तीस वर्षे रोज शेकडो माणसांशी तिकिटावरून, सुट्ट्या पैशांवरून, जागेवरून हुज्जत घातली, त्याची ही अवस्था! पत्नी वारली, मुलगा चाकणला. बसायची जागा म्हणजे चौकातला पिंपळाचा पार; रस्ता रुंद झाला तेव्हा तोही गेला. मी वर्षभरात त्यांचा रक्तदाब वीसेक वेळा मोजला असेल. दिवसभर बोलता कुणाशी, हे एकदाही विचारले नव्हते.

समाधान हे ज्याच्या त्याच्या मनावर असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मीही तेच ऐकवत होतो. पण माणसे सुखी कशाने होतात याचा शास्त्रीय अभ्यास आता बराच झाला आहे, आणि तो वाचल्यावर माझे मत बदलले.

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९७८ सालचा. अमेरिकेतील ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना, अपघाताने अर्धांग किंवा सर्वांग लुळे पडलेल्या २९ जणांना आणि २२ सर्वसाधारण माणसांना तुम्ही किती सुखी आहात, असे विचारले. पाचपैकी गुण द्यायचे होते. लॉटरीवाल्यांचे आले ४, साध्या माणसांचे ३.८२. म्हणजे घबाड मिळूनही फरक नावाचाच. यावरून 'लॉटरी लागलेला आणि पाय गेलेला दोघेही शेवटी सारखेच सुखी' असे लोक ठोकून देतात, तसले निरोप मोबाइलवरही फिरतात. ते खोटे आहे. अपघातग्रस्तांचे गुण २.९६ होते. लोकांना वाटते त्याहून बरे, पण सारखे मुळीच नाहीत. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो हे खरे, पण सगळ्याशीच जुळवून घेतो असे नाही.

मग फरक कशाने पडतो? हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक पाहणी सुरू झाली, ती अजून चालू आहे. विद्यापीठातले २६८ विद्यार्थी आणि बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले, अशा दोन गटांचा पुढे आयुष्यभर पाठपुरावा झाला. रक्ताच्या तपासण्या, प्रश्नावल्या, घरी जाऊन मुलाखती. कुणी मोठे वकील झाले, कुणी गवंडी, काही दारूत बुडाले. या पाहणीचे आताचे प्रमुख डॉ. रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की, वयाच्या पन्नाशीत जे आपल्या नात्यांबाबत अधिक समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी निघाले. या बाबतीत कोलेस्टेरॉलचा आकडाही मागे पडला.

यावर शंका घेता येते, मीही घेतली. पाहणीत सुरुवातीला सगळे पुरुषच, तेही गोरे. पण २०१० साली अशा १४८ पाहण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांची माणसांशी नाती पक्की, त्यांची जगण्याची शक्यता जवळजवळ दीडपट आढळली. आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकटेपणामुळे होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज दिला, तो वर्षाला ८ लाख ७१ हजारांचा.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर कोलकात्याचे घ्या. डीनर पितापुत्रांनी तिथल्या झोपडपट्टीतल्या, पदपथावर राहणाऱ्या आणि वेश्याव्यवसायातल्या ८३ जणांच्या मुलाखती घेतल्या. २००१ साली ते प्रसिद्ध झाले. एकूण आयुष्याबद्दल ही माणसे किंचित असमाधानीच होती, पण घरची माणसे, मित्र यांच्याबद्दल विचारले की उत्तर समाधानाचे येई. नंतर अमेरिकेतल्या बेघरांशी तुलना केली, तर सोयी त्यांच्याकडे जास्त असूनही कोलकात्याचे बेघर अधिक समाधानी निघाले. यावरून गरीब सुखीच असतात असा अर्थ कुणी काढू नये. पैसा लागतो. २०२३ सालच्या अभ्यासातही उत्पन्नाबरोबर बहुतेकांचे सुख वाढतानाच दिसले. 'पैशात काय आहे' हे ज्यांच्याकडे तो असतो त्यांच्याच तोंडी मी जास्त ऐकतो.

माझे म्हणणे एवढेच की, समाधान ही एकट्याने खोलीत बसून मानायची गोष्ट नाही. एकट्या पडलेल्या माणसाला 'मन रमवा' सांगणे म्हणजे उपाशी माणसाला भुकेवर ताबा ठेवा म्हणून सांगणे. आणि म्हणूनच चौकातला पार, वाचनालयातले बाक, बागेतला कट्टा या माझ्या मते आरोग्यसेवेच्याच बाबी आहेत. रस्ता रुंद करताना गटाराची जागा आखली जाते, पाराची नाही. नगरपालिकेने पार पाडला तर दोन बाक तरी टाकावेत. सावलीत. उन्हात टाकलेल्या बाकावर कुत्रीसुद्धा बसत नाहीत.

मात्र एक गल्लत करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे झाले असेल, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे, त्याला उपचार लागतात, गप्पा पुरत नाहीत. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या 'टेलिमानस'ला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.

कंडक्टरकाकांची मी तशी तपासणी केली, नैराश्य नव्हते. मग एके दिवशी आमचा कंपाउंडर रजेवर असताना मीच त्यांना म्हटले, "काका, जरा नंबर देता का?" आता ते आठवड्यातून चार दिवस सकाळी दवाखान्यात येतात. पेशंटना क्रमाने बसवतात, मध्येच घुसणाऱ्याला दटावतात, आणि कोणाचे गाव कोणत्या फाट्यावर हे त्यांना तोंडपाठ असल्याने गप्पाही होतात. कंपाउंडर थोडा नाराज आहे. झोपेची गोळी अजून पूर्ण सुटलेली नाही, हळूहळू अर्ध्यावर आणली आहे. परवा एका आजींना ते म्हणत होते, "बसून घ्या, बसून घ्या, पुढे जागा आहे."