एकसर

लेक नववीत होती तेव्हाची गोष्ट. ओंटारिओच्या नववीच्या विज्ञानात वीज हा मोठा भाग असतो आणि तो नेमका दिवाळीच्या तोंडावर आला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेली जुनी माळ मी बॅगेतून काढली, पिनेला अडॅप्टर लावला, बटण दाबलं. काही नाही. चाळीस बल्बांपैकी एकही लागेना.

"सिरीजमध्ये आहेत का हे?" लेकीनं विचारलं.

मला आमचं पाठ्यपुस्तक आठवलं. एकसर जोडणी! मोत्यांच्या एकाच सरासारखी. विजेला जायला वाट एकच, म्हणून प्रत्येक बल्बातून धारा तेवढीच वाहते आणि दाब मात्र सगळ्यांत वाटला जातो. सर कुठेही तुटला की सगळाच अंधार. प्रवासात एखादा बल्ब सैल झाला असणार. पिन काढून एकेक बल्ब दाबायचा, पिन लावून बघायचं, असं चाललं. सत्ताविसाव्याला माळ लागली.

"पण समोरच्यांच्या ख्रिसमसच्या माळेत बल्ब गेला तरी बाकीचे चालू राहतात," लेक म्हणाली. खरं होतं, आणि त्यांची माळही एकसरच होती. इथल्या जुन्या धाटणीच्या माळेत अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब असतात. प्रत्येकात फिलामेंटच्या खाली बारीक तारेचा वेढा असतो, तिच्यावर वीज अडवणारा पातळ थर. फिलामेंट तुटली की सगळा १२० व्होल्टचा दाब त्या एकाच बल्बावर येतो, थर फुटतो आणि विजेला आडवाट मिळते. मात्र बल्ब होल्डरमधून उपटलात तर ही युक्ती चालत नाही. आणि मेलेल्याच्या वाटचा दाब उरलेल्यांवर येतो, ते जास्त तापतात, लवकर जातात. म्हणून गेलेला बल्ब लगेच बदलावा.

एक दिवा गेला की सगळा अंधार, ही अडचण आमच्या ओटावाला जुनीच. १८८५ साली इथल्या रस्त्यांवर आर्क दिवे लागले. त्या काळी असे दिवे एकाच तारेवर ओळीनं जोडत. एक विझला म्हणून अख्खा रस्ता काळोखात जाऊ नये, यासाठी अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रशनं आपल्या दिव्यातच आपोआप आडवाट उघडणारी सोय केली होती. समोरच्यांची माळ म्हणजे त्याचीच नात म्हणायची.

आमची माळ लागली खरी, पण कशी? निखाऱ्यावर राख बसावी तशी. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली.

"अगं, लागणारच तशी! सहा व्होल्टचे चाळीस बल्ब, आपल्या २३० साठी. तुमच्याकडे १२०. प्रत्येकाच्या वाट्याला तीनच आले."

"मग निम्मा उजेड यायला हवा ना, आजोबा?"

"फिलामेंट तापली नाही तर उजेड कसला देणार? निम्म्या दाबाला उजेड दहाव्या हिश्शावर येतो. असं करा, मधून कापा. वीस-वीसच्या दोन माळा, दोन्ही एकाच पिनेला, समांतर. सहा वीसे एकशेवीस! आधी पिन काढा पण."

लेकीनं वहीत मांडून पाहिलं, हिशोब चोख होता. कात्रीही आणली. मीच नको म्हटलं. हे जोडकाम तारा तोडून हौशी हातांनी करायचं नव्हे. तसं पाहिलं तर इथल्या सीएसए या मानक संस्थेचा शिक्का नसलेली माळ लावणंही शहाणपणाचं नाही. तुम्ही लावू नका. मी ती आकाशकंदिलाशेजारी, खिडकीत, डोळ्यांसमोर तासभर लावते आणि पिन काढून ठेवते.

त्याला चार दिवाळ्या झाल्या. बाबा दर वर्षी विचारतात, "कापली का?" कापलेली नाही. पण कमी तापणारी फिलामेंट फार टिकते. अजून एकही बल्ब गेलेला नाही.