शाळेजवळच्या टपऱ्यांना 31 मेची शेवटची मुदत

मोहोपाड्यातील पानटपरीवाले, त्यांना माल पोचवणारे आणि पाताळगंगा-रसायनी पट्ट्यातील कामगार ठेकेदार, तिघांनाही हा जाहीर इशारा आहे.

राज्यात धूम्रपान घटले म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांनी प्रौढांच्या तंबाखू-वापराचे तेच सर्वेक्षण पुढे वाचावे. 2009-10 साली महाराष्ट्रातले 6.6 टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढत होते, 2016-17 मध्ये 3.8 टक्के. तोंडात तंबाखू धरणारे मात्र 27.6 वरून जेमतेम 24.4 टक्क्यांवर आले, तेही 2012 पासून गुटखाबंदी असताना. सुमारे चारांतला एक जण बार भरतच होता.

आमच्याकडे त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. रसायनांच्या कारखान्यात आगीच्या भीतीने काडेपेटी आत नेता येत नाही. पुडीला आग लागत नाही, म्हणून ती खिशात राहते. तळव्यावर तंबाखू, नखाने चुना, अंगठ्याने मळायचे, दोन टाळ्या, आणि गोळी ओठाखाली. पाळी संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही. घरी मशेरी लावणाऱ्या बाईला तर व्यसनी म्हणायचीही पद्धत नाही! सिगारेट ओढणारा पोरगा निदान वासाने सापडतो. गालात गुटखा धरणारा कळतो तेव्हा त्याला साधी आमटी झोंबत असते आणि तोंडात तीन बोटे जात नाहीत.

पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, गिऱ्हाईक हातावर मिसळणार आणि टपरीवाला म्हणणार, आम्ही गुटखा विकतच नाही. ही हुशारी आता पुरे.

31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवसापर्यंत शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत, पुड्यांची एकही माळ लटकता कामा नये. अंतर सरळ रेषेत धरले जाते, रस्त्याच्या वळशाने नव्हे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातला 200 रुपयांचा दंड गल्ल्यातून सुटतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण अठराच्या आतल्या मुलाच्या हातात पुडी दिली, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 77 आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. ‘बापानेच आणायला पाठवले’ ही सबब चालणार नाही. असे बापही आम्हाला माहीत आहेत.

ठेकेदारांनी काडेपेटीबरोबर पुडीही गेटवरच ठेवून घ्यावी. सोडू पाहणाऱ्या कामगाराला 1800-11-2356 हा मोफत क्रमांक द्यावा.

1 जूनला आम्ही टेप घेऊन कुंपणापासून मोजायला निघू. जी टपरी आत सापडेल तिची फोटोसह लेखी तक्रार त्याच दिवशी रसायनी पोलीस ठाण्यात जाईल, पानमसाल्याची अन्न व औषध प्रशासनाकडे. मुदत वाढवून मिळणार नाही. ग्रामपंचायतीतल्या ओळखी घेऊन कुणी आमच्या दारी येऊ नये.