पंधरा आणि पन्नास यांच्यामधली मोटार

बर्लिनच्या मोआबिट भागातील ट्रामच्या एका जुन्या आगारात दुर्मीळ मोटारींचा बाजार भरतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘क्लासिक रेमिझे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दालनात प्रवेशाला तिकीट नाही. विक्रीसाठी मांडलेल्या मोटारी, शेजारीच त्यांची डागडुजी करणाऱ्या कार्यशाळा आणि हौशी मालकांनी भाड्याने घेतलेले काचेचे गाळे, असे सारे एकाच छपराखाली नांदते.

अशा दालनांची चर्चा होते ती किमतींमुळे. २०२२ मध्ये १९५५ सालची एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोंना विकली गेली, याची बातमी जगभर झाली. पण हा व्यवसाय अशा अब्जाधीशांच्या बोलींवर उभा नाही. तो कायद्याच्या आधारावर उभा आहे. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या मोटारीला ‘एच’ अक्षराची वेगळी नंबरपट्टी मिळते. तिच्यावर इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला सुमारे १९२ युरो इतका ठोक कर लागतो. साहजिकच शिक्षकालाही आपल्या वडिलांची मोटार सांभाळणे परवडते आणि कार्यशाळेतल्या कारागिराला काम मिळते.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले, हे स्वागतार्हच होते. मात्र त्यासाठी वयाची अट ५० वर्षांची आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. म्हणजे १५ ते ५० या ३५ वर्षांत मोटार कायद्याच्या लेखी केवळ जुनी ठरते, वारसा नव्हे.

या दरीत सापडतात त्या आपल्याच मोटारी. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस राजवाड्यांच्या गॅरेजमध्ये तगल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या पद्मिनीला असे छत्र नव्हते. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. १९८४ ची पद्मिनी जर्मन निकषाने २०१४ मध्येच मानाची ठरली असती. आपल्या निकषाने तिला २०३४ पर्यंत थांबावे लागेल. तोवर भंगारवाला थांबेल काय?

प्रदूषणाचा आक्षेप खरा आहे, आणि रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या जुन्या वाहनाला कोणतीही सवलत मिळू नये. पण त्याचे उत्तर २०२१ च्या नियमांतच आहे. व्हिंटेज वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे वा देखभाल यांपुरतेच रस्त्यावर आणता येते. नियमित वापराला बंदी आहे. हेच बंधन घालून वयाची अट ३० वर्षांवर आणली, तर हवेचे नुकसान नगण्य राहील आणि पत्राकाम, कार्ब्युरेटर जाणणाऱ्या मिस्त्रींची विद्याही टिकेल. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या, हे चांगलेच झाले. मध्यमवर्गाची पहिली मोटार जपण्याची वेळ मात्र निसटत चालली आहे.