ताटातले विष आणि गोदामातला नफा

कर्करोग टाळायचा असेल तर आहार नीट निवडा, असा उपदेश भांडवली वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या नित्यनेमाने करीत असतात. आहाराचा कर्करोगाशी संबंध आहे, हे शास्त्रीय सत्य आहे. परंतु मजुरीच्या पैशात जे मिळेल ते घेणाऱ्या शेतमजूर स्त्रीला निवडीचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाला या पुरवण्या शिताफीने बगल देतात.

म्हैसूरचे उदाहरण घ्या. येथील चेलुवांबा राजवाड्यात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. शेंगदाण्याची पेंड व हरभरा यांच्या पिठापासून तिने गरिबांसाठी स्वस्त प्रथिनयुक्त आहार सिद्ध केला. पुढे १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन टर्कीची लाखभर पिल्ले दगावली आणि त्या पेंडीतील बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन, उजेडात आले. ते यकृताचा कर्करोग घडविते; हेपॅटायटिस-बीची लागण असलेल्यांना तर धोका कैक पटींनी वाढतो. भाजल्याने वा शिजविल्याने ते पुरते नष्ट होत नाही. शेंगा वेळीच वाळविणे, काळे-सुरकुतलेले दाणे वेचून काढणे आणि कोरडे गोदाम हेच खरे उपाय.

उपाय ठाऊक असूनही विष ताटात का येते? लहान शेतकऱ्याजवळ ना खळे, ना कोठार. कर्जापायी ओला मालही त्याला विकावा लागतो. व्यापारी चांगला दाणा निर्यातीसाठी वेचतो, उरलेला स्वस्तात खपवितो. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात युरोपीय संघ किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपर्यंतच हे विष चालवून घेतो. आपल्याकडे मर्यादा १० आहे. १९७४ साली पंचमहाल व बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने मेली. त्यात बहुसंख्य आदिवासी होते. ती त्यांची 'निवड' होती काय?

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर व साखरेच्या कापसातील रोडामाइन-बीवर बंदी घातली. बंदी योग्यच आहे. पण हातगाडीवर धडकणारा निरीक्षक बड्या गोदामाच्या दारातही दिसला पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात : गावोगाव सार्वजनिक खळी व गोदामे, रेशनच्या धान्याची व पेंडीची नियमित तपासणी, तिचे निकाल जनतेपुढे, आणि प्रत्येक बालकाला हेपॅटायटिस-बीची लस. बुरशीचा दाणा फेकून द्या, हे कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावेच. पण तो दाणा फेकणे परवडेल अशी मजुरी मिळविण्याचा लढाही त्याच तोंडाने पुकारावा.